खाड्याचा हिशेब

एप्रिल २०१९ मध्ये एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी एक वृत्तांत छापला. तेथील काही गावांत निम्म्या बायकांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आहेत, असे त्यात म्हटले होते. ती बातमी लवकरच मराठी पत्रांत आली, दूरचित्रवाणीवर आली, परदेशी वार्ताहरही बीडची वाट विचारू लागले. जूनमध्ये विधिमंडळात प्रश्न निघाला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, अशी माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दिली आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

बीड आणि गोंदिया यांच्यामध्ये बराचसा महाराष्ट्र पसरलेला आहे. तरीही त्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात दुसरा विषय नव्हता. ऊसतोडीचे राजकारण, खाजगी डॉक्टरांचा लोभ, ग्रामीण स्त्रीचे अज्ञान, अशा सर्व अंगांनी चर्चा झाली. प्रस्तुत लेखकही त्या चर्चेत आवेशाने बोलत होता. आवेश खोटा नव्हता. परंतु आज मागे वळून पाहता असे वाटते की, त्या बातमीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द आम्ही वाचला आणि तसाच ओलांडून पुढे गेलो. तो शब्द होता 'खाडा'.

त्याकडे वळण्यापूर्वी आकड्यांविषयी थोडेसे. 'निम्म्या बायका' हा मथळा काही गावांविषयी होता. वाचकांच्या मनात मात्र तो साऱ्या जिल्ह्याचा झाला. समितीच्या निमित्ताने जी पाहणी झाली तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे निम्म्या नव्हेत, सुमारे १७ टक्के. साधारणतः सहांत एक. ही संख्या पुढे येताच 'बातमी फुगवलेली होती' असा सूर काही मंडळींनी लावला. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे की, दोन-चार गावांतील प्रमाण निम्मे आणि जिल्ह्यातील प्रमाण सहांत एक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आणि सहांत एक हे प्रमाण सौम्य मानण्याचेही कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट नेमके जुळत नसतील, तुलना काटेकोर नाही. पण अंतर एवढे आहे की काटेकोरपणाने ते मिटणारे नाही.

आता खाड्याविषयी. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. ज्याला रोजावर काम मिळते त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, इतपत आपणांस ठाऊक असते. ऊसतोडीत हा शब्द त्याहून जड आहे. तेथे नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, आणि पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडून घेतो. दोघांपैकी एक जण बसला की कोयता अर्धा होतो, गाडी भरत नाही, मुकादमाचा कारखान्याशी झालेला वायदा हुकतो. म्हणून खाड्याला नुसती मजुरी बुडत नाही, वर दंडही बसतो. २०१९ च्या वृत्तांतांत हा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत सांगितला गेला होता.

फळ्यावर मांडावा तसा हा हिशेब मांडून पाहू. पाळीच्या वेळी एखादीला महिन्यातून दोनच दिवस उभे राहवले नाही, असे धरू. सहा महिन्यांत बारा खाडे. ५०० रुपयांच्या दराने सहा हजार रुपये दंड, शिवाय बुडालेली मजुरी वेगळी. हे एका हंगामाचे. हंगाम दर वर्षी येतो. ज्या कोपीत ती राहते तेथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही, धुण्यापुरते पाणी मिळेलच असे नाही. पहाटे अंधारात फड गाठायचा, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चढवायची. अशा स्थितीत अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, जंतुसंसर्ग यांचे दुखणे पाठीस लागते. डॉक्टरकडे वारंवार जावे तर प्रत्येक खेपेस पुन्हा खाडा. त्यापेक्षा एकदाच काय ते करून टाकावे, हा विचार तिला सुचतो किंवा सुचवला जातो. पैसे मुकादमाच्या उचलीतून मिळतात आणि पुढील हंगामाच्या टनांतून फिटतात. दोन-तीन मुले झालेली असतात. 'पिशवी' आता कशाला हवी, हा प्रश्न घरातही विचारला जातो.

हा हिशेब नीट पाहिला म्हणजे त्या शस्त्रक्रियेकडे केवळ अज्ञानाची खूण म्हणून पाहता येत नाही. तिच्यापुढे जे पर्याय ठेवले होते त्यांत सर्वांत कमी खाड्यांचा पर्याय तिने निवडला. आमच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला विवेकी निवड म्हणतात ती हीच, हे सांगताना मात्र शिक्षकाला संकोच वाटला पाहिजे. कारण पुढील खर्च या हिशेबात धरलेला नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईला त्याच दिवसापासून उतारवय लागते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या कष्टाच्या कामासाठी हे केले ते कामच तिला जड जाऊ लागते.

वृत्तपत्रांनी काय केले? त्यांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. ती बातमी आली नसती तर समिती आली नसती. शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करू नये, हा बीडमधील दंडकही आला नसता. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. या गोष्टी लहान नव्हेत. परंतु बातमीने खलनायक शोधला, आणि पांढऱ्या डगल्यातला खलनायक चटकन सापडला. खाड्याचा दंड बातमीत आला तो तपशील म्हणून; मथळा त्याचा झाला नाही. डॉक्टरला परवानगी मागावी लागू लागली, दंड घेणाऱ्या मुकादमाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. २०२५ च्या जूनमध्ये बीडची तीच बातमी नव्या आकड्यांसह पुन्हा छापून आली. तीच उद्गारचिन्हे होती. वाचक थोडे कमी चकित झाले, एवढाच फरक.

वास्तविक हे आजार २०१९ मध्ये उद्भवले नव्हते, आणि ते केवळ ऊसतोड्या बायकांचेही नव्हते. त्यांची मोजदाद आमच्या शेजारच्या जिल्ह्यात फार पूर्वीच झाली होती. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी वडसा स्थानकावर थांबते. तेथून गडचिरोलीची वाट. त्या जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग. यांपैकी अर्धे दुखणे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते, म्हणजे साध्या औषधाने बरे होण्याजोगे. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांत माझ्या मते सर्वांत बोलका आकडा आणखी वेगळाच आहे. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्क्यांनी काही त्रास नाही असे सांगितले होते. रोग ९२ टक्क्यांना! ज्यांना काही होत नव्हते त्यांतील बहुतेकींना काही तरी होतच होते. त्यांनी ते लपवले असे म्हणता येणार नाही. रोजचेच दुखणे हे दुखणे म्हणून मोजायचे असते, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. तोवर आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने ग्रामीण स्त्रीकडे दोनच निमित्तांनी पाहिले होते: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत तिच्या शरीराचे काय होते हा प्रश्न कोणत्याच खात्याचा नव्हता. तो निबंध जगभरच्या वैद्यकीय वर्तुळांत गाजला. त्याला तीस वर्षे लोटल्यावर बीडचे वृत्तांत आले. संसर्गावरच्या गोळ्या वेळेवर न मिळालेल्या बाईपर्यंत अखेरीस आपली व्यवस्था शस्त्र घेऊन पोहोचली होती.

बीडच्या अनेक स्त्रियांना 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालून शस्त्रक्रियेस तयार केले गेले, असेही तेव्हा उघड झाले. यातील विपर्यास पाहण्यासारखा आहे. बीडला लागूनच असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने एक मोठा अभ्यास झाला होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच चाचणी केली आणि दोष आढळल्यास लगेच उपचार केले, तर आठ वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. (ज्या गटाची चाचणीच केली नाही त्याच्याविषयी पुढे नैतिक वाद झाला, आणि तो झाला हे योग्यच झाले.) जगाला ही माहिती मराठवाड्यातील खेड्यांनी दिली. शेजारच्या तालुक्यातील बाईला मात्र ती मिळाली नाही; तिला मिळाली ती भीती.

या कर्करोगाकडे साऱ्या देशाचे लक्ष एकदाच गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक अभिनेत्री या रोगाने वारल्याची वार्ता तिच्याच समाजमाध्यमावरील खात्यावरून देण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचे तिनेच सांगितले. जागृतीसाठी केले, असा खुलासा झाला. त्या दोन दिवसांत रोगाचे नाव घरोघरी पोहोचले हे खरे आहे. तिसऱ्या दिवशी चर्चा उरली ती अभिनेत्रीच्या वर्तनाची.

आमच्या जिल्ह्यात ऊस थोडा, धान फार. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत बांध्यांतून बायकांच्या रांगा वाकलेल्या दिसतात. पायांखाली चिखल, पाठीवर पाऊस, हातात पऱ्ह्यांची पेंडी. हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे आहे, आणि पुष्कळदा ते गटाने, एकरी दर ठरवून घेतले जाते. गटातील एक जण बसली तर तिचा वाटा इतरांना ओढावा लागतो. म्हणून येथे मुकादमाच्या दंडाची गरजच पडत नाही, शेजारणीची नजर पुरते. दुसरे काम बिड्या वळण्याचे. तो धंदा आता बराच आटला असला तरी गोंदिया आणि तिरोड्याच्या कित्येक घरांत अजूनही दुपारी मांडीवर सूप येते. मजुरी हजार बिड्यांमागे. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, मान आणि बोटे धरतात. पण काम घरातच असल्यामुळे त्याला रजा नाही आणि खाडाही नाही. ज्या दिवशी हात चालला नाही त्या दिवशी हजारी भरली नाही, एवढीच त्याची नोंद. अशा बाईचे आजारपण कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग शिकवताना पिगूचे जुने उदाहरण द्यावे लागते: गृहस्थाने आपल्या मोलकरणीशी लग्न केले की देशाचे उत्पन्न घटते, कारण तेच काम आता बिनमोलाने होते. मुले हसतात. एका वर्षी मी त्यांना सांगितले की, आठवडाभर घरातील कोणाचे आजारपण आणि त्या दिवशी त्या व्यक्तीने केलेली कामे लिहून आणा. बहुतेकांनी वडिलांचे किंवा आजोबांचे लिहिले. आईविषयीचे रकाने कोरे होते. एका मुलाने प्रामाणिकपणे एक ओळ लिहिली होती: आई आजारी नव्हती, तिला नुसता ताप होता. खाली त्या दिवसाची कामे होती. पाणी, स्वयंपाक, गुरे, दुपारून रोवणी, पुन्हा स्वयंपाक. त्याला मी गुण दिले, पण शेरा काय लिहावा हे सुचले नाही.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देते, आणि घरकामास हात लावणारा पुरुष ८८. देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. आपल्या प्रगत महाराष्ट्रात स्त्रियांचे ५४.२ टक्के. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे थकव्याचा उगम शोधायला दूर जावे लागत नाही. परंतु थकवा ही बातमी होत नाही. बातमीला तारीख लागते, घटना लागते, शक्य तर छायाचित्र लागते. रक्तक्षयाला यांतले काहीच नसते.

आपण मात्र, म्हणजे हे पान वाचणारे शिक्षक, कारकून, अधिकारी, आजारपणाच्या बाबतीत एका वेगळ्याच देशात राहतो. आपल्याला अर्जित रजा आहे, वैद्यकीय रजा आहे, दाखला जोडला की वेतन सुरू राहते. कारखान्यातील विमाधारक कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता ठरावीक दिवसांपुरता मिळतो. आपला खाडा कोणी तरी भरून काढतो. ज्या दिवशी हा हक्क फडात, बांधीत आणि बिडीच्या सुपापर्यंत जाईल त्या दिवशी शल्यचिकित्सकाच्या परवानगीची गरज पुष्कळ कमी होईल, असे मला वाटते. उचलीतून खाड्याचा दंड कापणे बेकायदा ठरवावे, आणि हंगामातले महिन्याचे दोन दिवस कारखान्याने, म्हणजे अंतिमतः साखर खाणाऱ्या आपण, सोसावेत, ही मागणी अवास्तव नाही. किलोमागे त्याचा भार किती पडेल याचा हिशेब साखर आयुक्तालयाने मांडून जाहीर करावा. वृत्तपत्रांनीही पुढच्या हंगामात शस्त्रक्रियांचे आकडे मागण्याबरोबर मुकादमाची वही पाहण्यास मागावी.

हे लिहीत असताना एक कबुली द्यावीशी वाटते. २०१९ च्या जूनमध्ये ज्या दिवशी प्राध्यापक-कक्षात आम्ही बीडवर बोललो, त्या सुमारास आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई चार दिवस आल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. काय झाले होते, हे पत्नीने विचारले तेव्हा 'अंगावरून जात होतं' एवढेच हळूच सांगून त्या मोरीकडे वळल्या. आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर दिनदर्शिका आहे. त्या न आलेल्या दिवसांवर पेन्सिलीने फुल्या मारण्याची पद्धत आहे. महिनाअखेर पैसे देताना चार दिवसांचे कापले गेले. मी तेथेच चहा घेत बसलो होतो. पत्नी थोडी घुटमळली, तर बाईच म्हणाल्या, "कापा ना ताई, आलीच नव्हती मी." आम्ही दोघेही शिक्षक, त्याच वर्षी मलेरियाने मी नऊ दिवस घरी होतो आणि माझ्या वेतनातून एक पैसा कमी झाला नव्हता.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे, नोंदणी आहे. आजारपणाच्या दिवसांचे पैसे द्यावेत असे बंधन त्यात घरमालकावर नाही. म्हणजे आम्ही बेकायदा काही केले नाही. मुकादमही असेच म्हणत असेल.

बाई अजून आमच्याकडे येतात. एकदा पत्नी त्यांना स्त्री रुग्णालयात घेऊन गेली. औषधे मिळाली, दुखणे ओसरले. फुल्या अजूनही मारल्या जातात, पण आता त्या दोन प्रकारच्या असतात, आणि आजारपणाची फुली कापायची नाही असे ठरले आहे. हे ठरल्यावर बाईंचे आजारपण वाढेल अशी शंका शेजारच्यांनी व्यक्त केली होती. या महिन्यात आजारपणाची एकच फुली आहे, आणि तीही माझ्या मुलीने विचारून विचारून काढली; बाई 'बरं वाटत नव्हतं' म्हणण्याऐवजी 'पाहुणे होते' असेच सांगत होत्या.